तड्यावरची काच

शिवा, तुझ्या शोकसभेत लोकांनी एकामागून एक उठून तुला शांत, मितभाषी, कुणालाही न दुखावणारा करून टाकलं. मी पुढच्या रांगेत बसून ऐकत होते आणि मनात म्हणत होते, हा कोण बाबा? माझ्या केबिनमध्ये येऊन टेबलावर मूठ आपटणारा, माझाच चहा पिऊन मलाच आडमुठी म्हणणारा तो कुठं गेला? माझी पाळी आली तेव्हा प्राचार्य म्हणून बोलायचं तेवढं बोलले आणि खाली बसले. चारचौघांत मी तुला 'सर' म्हणायचे, तू मला 'मॅडम'. पण त्या 'सरां'शी मला काही बोलायचंच नव्हतं. तुझ्याशी बोलायचंय, म्हणून हे लिहायला बसले.

आपलं भांडण अर्धवट राहिलंय. सप्टेंबरात त्या सोमवारी तू केबिनचं दार आपटून गेलास. मला वाटलं, जाऊ दे, येईल दोन दिवसांनी गुरगुरत. आणि दोन दिवसांनी सकाळी महादेवीवहिनींचा फोन आला. हातात चहाचा कप होता म्हणे तुझ्या. बशीत ओतलेला चहा तसाच राहिला.

भांडले याचा मला पश्चात्ताप वगैरे नाही, हे आधीच सांगून ठेवते. अकरावीपासून भांडतोय आपण. तू मंद्रूपहून एसटीनं यायचास, डब्यात कडक भाकरी आणि शेंगाचटणी घेऊन. मी इथल्याच वस्तीतली. आमचं सगळं घर एका खोलीत, दिवा मालवला की सगळ्यांनी झोपायचं. कॉलेजची अभ्यासिका नसती तर मी प्राचार्य सोड, बारावीसुद्धा झाले नसते. समोरासमोर बसायचो आपण, पूर्वेच्या खिडकीपाशी. गणितं तुझी बरोबर यायची, आणि माझं बरोबर आलं की तुझा चेहरा बघण्यासारखा व्हायचा. हरलास तर मराठीत कधी कबूल करायचा नाहीस तू. घरची कानडी काढायचास. मान खाली घालून पुटपुटायचास, "हौदु." म्हणजे होय, तुझं बरोबर. एवढा एक शब्द, तोही भलत्या भाषेत. इतक्या वर्षांत मी तो फार तर तीन-चारदा ऐकला असेन, आणि प्रत्येक वेळी दिवसभर खुशीत होते.

वादळ आलं मे महिन्यात, भर दुपारी. परीक्षा उरकल्या होत्या, पोरं गावाला गेली होती. आधी आभाळ गढूळ झालं, मग धूळ, मग तो वारा. वळवाचा पाऊस आपल्याला काय नवा आहे, पण असं वारं मी सोलापुरात पाहिलं नव्हतं. मी घरात खिडक्या धरून बसले होते आणि तू कॅम्पसवर पोचलाही होतास. शिकवायचास आपल्या संस्थेच्या पॉलिटेक्निकला, सिव्हिल इंजिनिअरिंग, पण आवारातल्या प्रत्येक भिंतीची काळजी तुलाच. फोनवर तुझा आवाज वाऱ्यात तुटत होता. "सुजे, जिमखान्याचे पत्रे हॉस्टेलच्या गच्चीवर जाऊन पडल्यात. पोरी न्हाईत हितं, नशीब समज. तू ये."

आले. लॅबच्या खिडक्यांना एक काच शिल्लक नव्हती. ऑफिसमध्ये घोटाभर पाणी. आणि अभ्यासिकेच्या कोपऱ्यावर तो म्हातारा कडुलिंब मुळांसकट आडवा झालेला, ज्याच्या सावलीत आपण डबे खायचो. मुळांच्या जागी मोठा खड्डा, त्यात पाणी, आणि ते पाणी हळूहळू इमारतीच्या पायाशी मुरत चाललेलं. सगळे पडलेल्या झाडाकडे बघत होते, फोटो काढत होते. तू मात्र त्या खड्ड्याकडे बघत उभा होतास, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

त्यानंतरचे दोन-तीन महिने तू काय राबलास, ते मी शोकसभेत सांगायला हवं होतं. आधी हॉस्टेल, कारण पोरी परत येणार होत्या. मग लॅब, मग ऑफिस. तू गवंड्यांवर ओरडायचास, मी तुझ्यावर. लॅब कॉलेज सुरू व्हायच्या आत उघडली तेव्हा तू ओट्यावर हात फिरवत म्हणालास, "बघ की, पहिल्यापेक्षा बरी झालीय." लहान पोराला नवा सदरा मिळावा तसा दिसत होतास. त्या दिवशी मी तुला शाब्बास म्हणायला हवं होतं. मी म्हणाले, नळ गळतोय.

अभ्यासिका शेवटी ठेवलीस. कोपऱ्याचा खांब दुरुस्त झाला, खड्डा भरला, पाणी लांब नेलं, गिलावा नवा केला. उरला तो खिडकीपासून वर गेलेला तिरका तडा. मी म्हणाले, बुजव आणि रंग मार. तू डोक्याला हात लावलास. तडा मेलेला असेल तर बुजवता येतो, जिवंत असेल तर बुजवून काय उपयोग, असं म्हणालास. मग मला काळ्या मातीवर भाषण दिलंस. पाणी प्याली की फुगते, वाळली की आवळते, वर काय बांधलंय याचं तिला सोयरसुतक नसतं. काळ्या मातीबद्दल तू असं बोलायचास की जणू भांडकुदळ भावकीबद्दलच बोलतोयस.

आणि एक दिवस बघते तर तड्यावर माझी स्लाइड. बॉटनीच्या लॅबमधली, मायक्रोस्कोपखाली ठेवायची काचेची पट्टी. प्राचार्य झाले तरी मी बॉटनीचीच आहे रे, त्या स्लाइडी मी ओळखणार नाही का? न विचारता उचलल्यास. तड्यावर आडवी धरून दोन्ही टोकांना प्लास्टर ऑफ पॅरिस थापलंस आणि अंगठ्यानं दाबून बसवलीस. मी तावातावानं विचारलं, हे काय? तू म्हणालास, काच ताणली जात नाही की वाकत नाही. भिंत केसभर जरी सरकली तरी फुटणार. काच टिकली तर तडा मेलेला, फुटली तर जिवंत. म्हणून हिच्याकडं रोज बघायचं. मी म्हणाले, स्लाइडचे पैसे कोण देणार? तू म्हणालास, प्राचार्य.

मग तो श्रावणातला सोमवार. आपल्या संस्थेच्या अध्यक्षांना वाटलं, दुरुस्ती झालीच आहे, उघडण्याआधी वास्तूची छोटीशी पूजा करून घेऊ. त्यात काही वावगं नव्हतं. शिपायांनी हौसेनं झेंडूच्या माळा आणल्या आणि ओंगळ दिसू नये म्हणून एक माळ बरोबर तड्यावर सोडली. काच फुलांखाली गेली. तू मंद्रूपहून निघालेला, पंचमीचं काहीतरी घरी होतं, पोचायला उशीर. इकडे अध्यक्षसाहेबांनी नारळ हातात घेतला. नारळ निघाला हट्टी. पायरीवर फुटेना, म्हणून त्यांनी तो कोपऱ्याच्या दगडावर आपटला, एकदा नाही, तीनदा, अगदी तड्याच्या खाली. फुटला तेव्हा टाळ्या वाजल्या. तू आलास, सरळ जाऊन माळ बाजूला केलीस. काच मधोमध फुटलेली.

आता कोण सांगणार ती कशानं फुटली? सगळे म्हणाले, नारळानं. मीही म्हणाले. तू म्हणालास, मातीनं. सकाळी माळ घालण्याआधी कुणी काच बघितली होती का, असं तू एकेकाला विचारत सुटलास. कुणीच बघितली नव्हती. अध्यक्षसाहेब हसून म्हणाले, सर, शुभकार्यात काच फुटली, चांगलंच झालं. तुझ्या कपाळावरची विभूती घामानं पसरली होती आणि तू दात आवळून उभा होतास. माझ्याकडे बघितलंस. मी प्रसादाचं खोबरं तोंडात टाकलं.

तिथून आपलं खरं भांडण सुरू झालं. तू दुसरी स्लाइड लावलीस, परत न विचारता, परत अंगठ्यानं दाबून. आणि सांगून टाकलंस की परतीचा पाऊस होऊन जाईपर्यंत अभ्यासिका उघडायची नाही. आपल्याकडं खरा पाऊस सप्टेंबर सरताना पडतो, माती पोटभर पाणी पिऊन फुगते ती तेव्हा, आणि तोवर ही काच टिकली तरच इमारत सुरक्षित आहे अशी सही तू करणार. अध्यक्षांनी तर दसऱ्याआधीचा मुहूर्त ठरवून पाहुणेसुद्धा सांगितले होते.

आणि मला भाग्यश्री दिसत होती. एमएस्सीची, पद्मशाली घरातली, स्पर्धा परीक्षेला बसणारी. तू तिला ओळखतोस, खिडकीपाशी आपल्याच जागेवर बसायची ती. अभ्यासिका बंद झाल्यापासून कँटीनच्या शेडमध्ये वाचायची, तिथं कपबश्यांचा दणदणाट. घरी गेलं की शाळेचे गणवेश शिवायची मशीन धडधडत असायची, आणि घरचे म्हणायचे, नुसती बसतेस तर चार शर्ट तरी मार. ऑगस्टात आठवड्यातून चार दिवस यायची, सप्टेंबरात दोन. मला दर आठवड्याला विचारायची, मॅडम, कधी उघडणार? मी तिला काय सांगू, काचेला विचारून सांगते म्हणून?

सप्टेंबरातल्या त्या सोमवारी मी तुला हेच बोलले. म्हणाले, तुझ्या एका काचेपायी माझ्या पोरी घरी बसायला लागल्यात. एकदा मशीनवर बसली की परत यायची नाही ती. तू म्हणालास, "घरी बसलेली पोरगी परत आणता येती, सुजे. भिंतीखाली गेलेली न्हाय." मी म्हणाले, तुला नुसतं जिंकायचंय, नारळवाल्या दिवसाचा राग काढतोयस. ते तुला लागलं. मूठ आपटायचीही विसरलास. दाराशी जाऊन वळलास आणि अगदी हळू म्हणालास, "मी चुकीचा निघालो ना, तर सगळ्यात आदी मलाच बरं वाटंल." मग दार आपटलंस.

मंद्रूपला तुमच्या शेतात तुला नेलं तेव्हा मी बांधावर उभी होते. तुमच्यात बसवून पुरतात हे ठाऊक होतं, पाहिलं नव्हतं कधी. मांडी घालून बसलेला तू, कपाळभर विभूती, गळ्यात फुलं. वर्गात कुणी भलतं उत्तर दिलं की दिसायचास तसाच दिसत होतास. जन्मभर जिच्यावर संशय घेतलास तीच काळी माती लोक मुठीमुठीनं तुझ्यावर टाकत होते. मीही टाकली. मला फार रडू आलं, शिवा. आणि रागही आला, कुणाचा ते कळेना.

चार दिवसांनी घरी भेटायला गेले तेव्हा महादेवीवहिनींनी मला आत बोलावलं. रुमालात गुंडाळलेलं काहीतरी हातात ठेवलं आणि दार लोटून घेतलं. तुझ्या शर्टाच्या खिशात सापडलं म्हणे. उघडलं तर दोन स्लाइडी, कोऱ्या. वहिनी खाली बघत म्हणाल्या, "ताई, खरं सांगा. या रक्त तपासायच्या काचा हाईत न्हवं? यांना काय दुखणं हुतं आनि माज्यापासनं लपवलं का?" बघ काय करून ठेवलंस. चार दिवस ती बाई हाच विचार करत बसली होती. मी तिला जवळ घेऊन सगळं सांगितलं, तडा, नारळ, काच, भांडण. ती ऐकत राहिली. मग डोळे पुसत म्हणाली, "म्हंजी भिंतीचंच दुखणं व्हय." आणि आम्ही दोघी तुझ्या घरात, अशा दिवसांत, हसलो. मग परत रडलो.

कामावर गेले तर अध्यक्षांनी बोलावलं. तुझ्याबद्दल चांगलं बोलले, मनापासून बोलले, खोटं नाही सांगत. मग म्हणाले, आता सरांची अडचण राहिली नाही, ओळखीचे एक इंजिनिअर आहेत, ते सही करतील, मुहूर्त आहे तोच ठेवू. इतके दिवस मला हवं होतं ते ताटात वाढून समोर ठेवलं होतं. भाग्यश्री पुढच्या आठवड्यात खिडकीपाशी बसली असती. माझ्या तोंडून निघालं, नाही. साहेब चकित झाले. "मॅडम, तुम्हीच तर उघडा उघडा म्हणत होता."

म्हणत होते. तू समोर होतास म्हणून म्हणत होते. मी ओढायची ते तू धरून ठेवशील या भरवशावर ओढत होते, हे मला तिथं त्या खुर्चीत बसल्यावर कळलं. साहेबांना एवढंच सांगितलं की परतीचा पाऊस होईपर्यंत कुलूप माझ्याकडे राहील, आणि हवं तर प्राचार्य बदला. पाहुण्यांना कळवायचं कामही माझ्याच गळ्यात पडलं. भाग्यश्रीला मीच जाऊन सांगितलं. तिनं विचारलं, दिवाळीपर्यंत तरी? मी हो म्हणाले नाही. दुसऱ्या आठवड्यापासून ती यायची बंद झाली. मी तिच्या घरी गेले, मशीनच्या आवाजात तिच्या आईशी मोठमोठ्यानं बोलले, आणि माझ्या केबिनच्या मागची स्टोअरची खोली तिच्यासाठी रिकामी केली. आली, पण एकटीच आली. बाकीच्यांना कुठं बसवू? रोज सकाळी मी तुला शिव्या देत होते.

आणि पाऊस येईना. आभाळ भरून यायचं आणि कोरडंच निघून जायचं. मग आला तो असा आला की तीन दिवस थांबला नाही. आवारातल्या फरश्या वर उचलल्या गेल्या, गेटची भिंत एका जागी फुगली. तू म्हणायचास तसंच, माती पाणी पीत होती. तिसऱ्या दिवशी सकाळी मी छत्री घेऊन अभ्यासिकेकडे गेले. कुलूप काढलं, दार ढकललं, आणि दार हलेना.

तू सांगितलं होतंस, दार अडकायला लागलं तर समज चौकट सरकलीय. काल हे दार नीट उघडलं होतं. मी तिथंच ओट्यावर उभी राहिले, छत्री मिटायचंही सुचलं नाही. मला काय वाटलं सांगू? पहिल्यांदा वाटलं, जिंकलास मेल्या. आणि कुठंतरी बरं वाटलं की तुझं खरं झालं, तुझ्या मागं का होईना. मग त्या पोरी आठवल्या. मी खांद्यानं दाराला धडक दिली, दोनदा. तिसऱ्यांदा उघडलं. पावसानं लाकूड फुगलं होतं की आणखी काय, ते मला समजेना. आत अंधार होता, लाइट नव्हती. मोबाइलचा उजेड पाडत खिडकीपाशी गेले.

स्लाइड होती. अख्खी. बोट फिरवून बघितलं, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत. दोन्हीकडे तुझ्या अंगठ्याचे ठसे, प्लास्टरमध्ये वाळलेले. मधे काच, एक ओरखडा नाही.

पाऊस थांबल्यावर मी पुन्हा बघितलं, माती वाळायला लागली तसं पुन्हा. बाहेरून एका इंजिनिअर बाईंना बोलावलं, अध्यक्षांच्या ओळखीच्या नव्हे. त्यांनी दोन दिवस सगळं मोजलं, पाया उकरून बघितला, दार तासायला सांगितलं आणि सही केली. काच कुणी लावली असं विचारलं. मी सांगितलं. त्या म्हणाल्या, ही नसती तर मी अजून एक पावसाळा थांबायला लावलं असतं. हे तुला ऐकवायला हवं होतं.

दिवाळीच्या तोंडावर काल अभ्यासिका उघडली. नारळ गेटवर फोडला. साहेब जरा घुश्श्यात होते, पण त्यांनी तो गेटवरच फोडला आणि यावेळी एका दणक्यात फुटला. माळा फक्त दाराला. रंगाऱ्यानं विचारलं, ती काच काढून गिलावा करू का? मी म्हणाले, हात लावशील तर बघ. महादेवीवहिनी आल्या होत्या, त्यांनी त्या ठशांवर आपला अंगठा ठेवून बघितला आणि मागं झाल्या. भाग्यश्री खिडकीपाशी जाऊन बसली. तिच्यामागून बाकीच्या आल्या, हळूहळू सगळी बाकं भरली. कुणी वर काचेकडे बघितलंही नाही.

संध्याकाळी सगळ्या गेल्यावर मी तुझ्या जागेवर बसले, समोर माझी जागा रिकामी ठेवून. तुझ्या खिशातल्या त्या दोन स्लाइडी बाकावर ठेवल्या. लॅबला परत करणार नाही, पैसे प्राचार्य देतील. मग म्हणाले तुला, मोठ्यानंच म्हणाले, कुणी नव्हतं. शिवा, भिंत हलली नाही. श्रावणात ती काच नारळानंच फुटली होती. मी बरोबर होते. तू चुकलास.

बरं वाटलं ना? मग एकदा म्हण की, हौदु.